गोळी घेऊनही शिंका थांबत नाहीत तेव्हा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत सिटी सेंट्रल लायब्ररी आहे. शेजारच्या अशोकनगरमध्ये स्पर्धा परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेत राज्यसेवेची मुले जशी अभ्यासिकांमध्ये दिवस काढतात, तशीच तेलंगणातल्या ग्रुप-वन, ग्रुप-टूची तयारी करणारी मुले इथे ठाण मांडून बसलेली असतात. कुणी करीमनगरचे, कुणी निजामाबादचे, कुणी आदिलाबादकडचे मराठी बोलणारे. शांत वाचनकक्षात एका पाठोपाठ एक दहा-बारा शिंका देणाऱ्या मुलाकडे सगळे वळून पाहतात. त्याला लाजेने बाहेर जावे लागते. रात्री नाक चोंदते म्हणून तोंडाने श्वास घ्यायचा, पहाटे कोरड्या घशाने उठायचे, डोळे चोळत पुस्तक उघडायचे आणि झोप आणणारी ॲलर्जीची गोळी घ्यावी की न घ्यावी हा रोजचा पेच सोडवायचा.

हा पेच किरकोळ नाही. ब्रिटनमध्ये १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. सराव परीक्षेच्या तुलनेत अंतिम परीक्षेत कुणाची श्रेणी घसरली, ते त्यात तपासले होते. परीक्षेच्या दिवसांत ॲलर्जीच्या सर्दीचा त्रास असलेल्या मुलांमध्ये ही घसरण होण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त आढळली. गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधे घेणाऱ्यांमध्ये ती ७० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे दुखण्याने नुकसान झालेच, आणि चुकीच्या गोळीने त्यात भर घातली.

भारतात ॲलर्जीच्या सर्दीचे प्रमाण तज्ज्ञ २० ते ३० टक्के लोकसंख्येइतके धरतात. त्यातल्या बहुतेकांचे साध्या गोळीवर भागते. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. ‘सगळे करून पाहिले, काही उपयोग झाला नाही’ असे ते सांगतात. त्यांच्या ‘सगळे’मध्ये नेमके काय काय आले, हे नीट विचारले की बहुधा एक गोष्ट समोर येते. औषधे बरीच झालेली असतात. पण काही चुकीच्या क्रमाने, काही चुकीच्या पद्धतीने, आणि ज्या दोन-तीन गोष्टींनी खरा फरक पडला असता त्या झालेल्याच नसतात.

दोनशे वर्षांपूर्वीचा रुग्ण

‘काहीच लागू पडत नाही’ ही तक्रार या आजाराच्या पहिल्या नोंदीतच आहे. जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे एका रुग्णाची हकिगत वाचली. दर उन्हाळ्यात डोळे लाल होतात, शिंका येतात, छाती आवळते. तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच होते. रक्त काढणे, जुलाब, अफू, पारा, थंड पाण्याची स्नाने असे त्या काळचे सगळे उपाय त्यांनी करून पाहिले होते. कारण कळलेले नव्हते, त्यामुळे उपायही अंधारातच चालले होते.

कारण शोधले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही याच आजाराने पीडित डॉक्टर. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घेतले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर लावले, आणि हवेत उंचावर किती पराग असतात हे पाहण्यासाठी चिकट काचपट्ट्या बांधून पतंग उडवले. १८७३मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. आज दवाखान्यात होणारी त्वचेची ॲलर्जी चाचणी त्याच ओरखड्याची वंशज आहे.

नाकात काय घडते

परागकण किंवा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा नाकात गेली की बहुतेकांना काही होत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात मात्र त्या पदार्थाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे आधीच तयार असतात. इशिझाका दांपत्याने १९६६मध्ये ती ओळखली. नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर ही प्रतिपिंडे चिकटून बसलेली असतात. परागकण आला की या पेशी हिस्टामिन बाहेर सोडतात. काही मिनिटांतच खाज, शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक सुरू होते.

गोष्ट इथे संपत नाही. चार ते आठ तासांनी दाहाची दुसरी लाट येते. त्यात इतर पेशी जमा होतात, अस्तर सुजते आणि नाक बंद होते. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या गोळ्या हिस्टामिनला अडवतात. त्यामुळे शिंका आणि खाज कमी होते. पण सुजून बंद झालेले नाक त्यांनी फारसे उघडत नाही. ज्याची मुख्य तक्रार चोंदलेले नाक आहे, त्याला गोळी बदलून बदलून देत राहिले तर प्रत्येक गोळी ‘फेल’ गेल्यासारखी वाटणारच.

याच ठिकाणी बहुतेक रुग्ण चुकीच्या वाटेला लागतात. औषधाच्या दुकानातून मोंटेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी आणली जाते. भारतात ती सर्रास खपते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०२०मध्ये मोंटेलुकास्टवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही रुग्णांमध्ये झोपेच्या तक्रारी, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार दिसले होते. म्हणून नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी हे औषध इतर उपाय चालत नसतील तरच वापरावे, असे त्या संस्थेने सांगितले. रात्री विचित्र स्वप्ने पडू लागली किंवा मूल अचानक चिडखोर झाले, तर घरच्यांनी या गोळीचा विचार मनात आणला पाहिजे.

दुसरी वाट थेंबांची. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब घातले की पाच-दहा मिनिटांत नाक मोकळे होते. इतका झटपट आराम दुसरे काही देत नाही, म्हणून लोक ते महिनोन्‌महिने उशाशी ठेवतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते वापरू नयेत. पुढे औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, मग पुन्हा थेंब, आणि मूळ ॲलर्जीपेक्षा थेंबांचाच आजार मोठा होतो. त्यातून सुटता येते. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नाकात मारायच्या स्टिरॉइड फवाऱ्याच्या आधाराने करावे लागते.

तिसरी वाट इंजेक्शनची. दर हंगामात एक स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले की दोन-तीन आठवडे बरे जातात, असा अनुभव अनेकांच्या तोंडी असतो. हे औषध सगळ्या शरीरात पसरते. रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणे मंदावते. ॲलर्जीच्या सर्दीसाठी अशी इंजेक्शने घेऊ नयेत, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. घरोघरी मधुमेह असलेल्या शहरात तर हा धोका आणखी मोठा आहे.

फवारा मारायची रीत

मध्यम आणि तीव्र त्रासावर सर्वांत परिणामकारक एकच औषध निवडायचे झाले तर ते नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा आहे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड. ‘स्टिरॉइड’ या शब्दानेच अनेक घरांत तो नाकारला जातो. पण एका फवाऱ्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजतात, आणि नव्या औषधांचा फारच थोडा अंश रक्तात पोचतो. लहान मुलांना तो दीर्घकाळ देताना उंचीवर लक्ष ठेवावे लागते, इतकी काळजी पुरेशी असते.

फवारा फसण्याची दोन कारणे मात्र खरी आहेत. पहिले म्हणजे घाई. तो थेंबांसारखा लगेच काम करत नाही. पूर्ण गुण दिसायला एक ते दोन आठवडे रोज वापरावा लागतो. तीन दिवसांत सोडून देणारे बरेच असतात. ज्यांचा त्रास ठरावीक महिन्यांत येतो, त्यांनी हंगामाच्या दोन आठवडे आधी तो सुरू करणे उत्तम.

दुसरे कारण हाताचे. डोके मागे टाकून फवारा मारला तर औषध घशात उतरते. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येते, आणि रक्त दिसले की माणूस घाबरून औषध बंद करतो. योग्य रीत सोपी आहे. आधी नाक शिंकरून साफ करायचे. मान किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरायची. बाटलीचे टोक पडद्याकडे न ठेवता कानाच्या दिशेने बाहेर वळवायचे. श्वास हळू घ्यायचा. जोराने ओढायचा नाही. ज्यांनी वर्षभर फवारा मारून गुण आला नाही म्हणून सांगितले, त्यांनी एकदा डॉक्टरांसमोर तो मारून दाखवावा.

एवढ्याने भागले नाही तर ॲझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेला फवारा ही पुढची पायरी. ॲझेलास्टिन मिनिटांत काम सुरू करते, फ्लुटिकासोन सावकाश सूज उतरवते. हे मिश्रण सिप्ला या भारतीय कंपनीने आधी आणले. अमेरिकेत तशा औषधाला मान्यता २०१२मध्ये मिळाली.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे आपल्याकडची जलनेती, स्वस्त आणि उपयोगी आहे. फवाऱ्याआधी नाक धुतले तर औषध अस्तरापर्यंत नीट पोचते. पाणी मात्र उकळून गार केलेले हवे, नळाचे थेट नको. २०११मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला. असे क्वचित घडते. पण टाक्यांमध्ये साठवलेले पाणी वापरणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

खरा गुन्हेगार कोण

इतके सगळे व्यवस्थित करूनही त्रास हटत नसेल, तर निदानाकडे परत जावे लागते. प्रत्येक वाहते नाक ॲलर्जीचे नसते. थंड हवा, अगरबत्तीचा धूर, फोडणीचा खाट, उग्र वास यांनीच नाक वाहत असेल आणि खाज मुळीच नसेल, तर ती वेगळ्या जातीची सर्दी असू शकते. तिला सेटिरिझिन लागू पडत नाही. एकाच बाजूचे नाक कायम बंद असणे, वारंवार रक्त येणे, वास पूर्ण जाणे, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर एकाच नाकपुडीतून पाणी गळणे ही लक्षणे दिसली तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. नाकात कोंब वाढलेले असू शकतात, पडदा वाकडा असू शकतो. चिक्कडपल्लीपासून कोठीचे सरकारी ईएनटी रुग्णालय दूर नाही. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या जुन्या मराठी घरांना तर ते जवळच आहे.

ॲलर्जीच असेल तर कशाची, हे शोधण्याची सोपी चाचणी त्वचेवर होते. हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने हलके टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी उठते का ते पाहतात. चाचणीआधी पाच ते सात दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. रक्तातली आयजीई मोजूनही हे कळते. मात्र कागदावर एखादा पदार्थ सकारात्मक आला म्हणजे तोच त्रास देतो असे नाही; रुग्णाची हकिगत आणि चाचणी एकमेकांशी जुळली पाहिजे. अन्नपदार्थांच्या ‘आयजीजी’ या वेगळ्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांची लांबलचक यादी घेऊन दूध, गहू, वांगे सोडून देणाऱ्यांचे नाक मोकळे होत नाही; ताटातले अन्न तेवढे कमी होते.

चिक्कडपल्लीसारख्या दाट वस्तीत संशयित बरेच आहेत. गाद्या-उशांतले धुळीचे सूक्ष्म किडे सर्वांत मोठे. हवेत दमटपणा वाढला की ते फोफावतात. त्यानंतर झुरळे. मग बुरशी. उन्हाळ्यात इथल्या घराघरांत चालणाऱ्या कूलरच्या जाळ्या वर्षभर तशाच राहिल्या, की ओलाव्यात बुरशी धरते आणि कूलर तीच हवा खोलीभर फेकतो. बाहेर आरटीसी क्रॉसरोड्सची रहदारी. तिची धूळ आणि धूर स्वतः ॲलर्जी निर्माण करतीलच असे नाही. पण सुजलेल्या नाकाला ते आणखी चिडवतात.

परागांमध्ये हरळीसारखी गवते, विलायती बाभूळ, माठाच्या जातीची तणे आणि गाजर गवत ही नावे दख्खनच्या पठारावर पुन्हा पुन्हा येतात. गाजर गवताची भारतातली ठळक नोंद पुण्यातली, १९५५ सालची. तिथून ते देशभर पसरले. तेलुगूत त्याला वय्यारिभामा म्हणतात. बंगळूरमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲलर्जीच्या सर्दीच्या ३४ टक्के रुग्णांची त्वचा गाजर गवताच्या परागाला प्रतिसाद देताना आढळली. रिकाम्या प्लॉटवरचे हे गवत फुलण्याआधी, हातमोजे आणि मास्क घालून उपटले तर साऱ्या गल्लीला फायदा होतो.

घरात करण्यासारखे उपायही कारण पाहूनच करावेत. धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असेल तर उशी-गादीला घट्ट विणीची खोळ, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे. परागांची असेल तर सकाळी खिडक्या बंद, बाहेर चष्मा आणि मास्क, आल्यावर केस धुणे, त्या दिवसांत कपडे घरात वाळवणे. दोन्ही याद्या एकदम करायला गेलेला माणूस आठवड्यात थकतो.

शरीराला सवय लावणारी लस

औषधे लक्षणे दाबतात. ॲलर्जीची मुळे हलवणारा उपाय एकच आहे: ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देत राहणे. १९११मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क टोचून हा प्रयोग केला. आज तो इंजेक्शनने किंवा जिभेखाली ठेवायच्या थेंब-गोळ्यांनी देतात. पूर्ण उपचार तीन ते पाच वर्षांचा. तो संपल्यावरही काही वर्षे गुण टिकतो, आणि मुलांमध्ये पुढे दमा होण्याचा धोका कमी होऊ शकतो.

अटीही आहेत. गुन्हेगार चाचणीने पक्का झालेला हवा. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार करत नाहीत. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते. क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते आणि तेव्हा ॲड्रेनालिन हाताशी लागते. पंधरा-वीस पदार्थांचे मिश्रण एकाच बाटलीत करून देणारा, किंवा घरी इंजेक्शन टोचून घ्यायला सांगणारा दवाखाना टाळावा.

नाकाचा आजार आणि दमा एकाच श्वासमार्गाचे आहेत. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो. म्हणूनच हैदराबादेत मृगाच्या दिवशी, जूनच्या सुरुवातीला, नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बत्तिनी कुटुंबाच्या प्रसादासाठी जी गर्दी लोटते तिच्याकडे डॉक्टरांनीही लक्ष द्यायला हवे. १८४५पासून परंपरा सांगणारे हे कुटुंब जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात औषधी लगदा भरून तो गिळायला देते, तेही विनामूल्य. शाकाहारी लोकांना गुळातून मिळते. महाराष्ट्रातूनही माणसे येतात, रात्रभर रांगेत बसतात. हा प्रसाद दमा बरा करतो हे दाखवणारी शास्त्रीय चाचणी झालेली नाही, आणि जनविज्ञान वेदिकेसारख्या संघटना वर्षानुवर्षे हाच आक्षेप घेत आल्या आहेत. रांगेतला माणूस भाबडा म्हणून तिथे येत नाही. तो दमून येतो. त्याला कुणी फवारा मारायची रीत दाखवलेली नसते, इनहेलर रोज का घ्यायचा हे समजावलेले नसते. प्रसाद घेणाऱ्यानेही इनहेलर बंद करू नये, एवढे तरी त्याला त्या मैदानावरच सांगितले गेले पाहिजे.

झाडे लावताना

जपानने या आजाराची किंमत राष्ट्रीय पातळीवर मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुगी देवदाराची अफाट लागवड झाली. ती झाडे वयात आली आणि दर वसंतात देशभर शिंका सुरू झाल्या. डिसेंबर २०१९मध्ये जपानने देवदाराच्या परागाने होणाऱ्या अतितीव्र त्रासासाठी आयजीईला बांधून ठेवणाऱ्या ओमालिझुमॅब या महागड्या इंजेक्शनला मान्यता दिली. २०२३मध्ये सरकारने दहा वर्षांत देवदाराची लागवड दोन-दशांशाने घटवण्याची योजना जाहीर केली.

तेलंगणात २०१५मध्ये हरित हारम मोहीम सुरू झाली. तिच्यात झटपट वाढणारा, वर्षभर हिरवा राहणारा कोनोकार्पस रस्त्यांच्या कडेला आणि दुभाजकांवर मोठ्या प्रमाणात लागला. परागांच्या ॲलर्जीची भीती आणि इतर कारणांनी २०२२मध्ये राज्यात त्याची लागवड थांबवण्याच्या सूचना निघाल्या. गुजरातने २०२३मध्ये बंदी घातली. त्याच्या परागातली ॲलर्जीकारक प्रथिने इराणमधल्या संशोधकांनी दाखवली आहेत. आपल्या शहरात त्याचा वाटा किती, हे ठरवायला इथल्याच हवेतले पराग आणि इथल्याच रुग्णांच्या चाचण्या लागतील. चंडीगडने २०२२मध्ये महिनावार परागांचे कॅलेंडर तयार केले. पीजीआय ही वैद्यकीय संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या त्या कामातून कोणत्या महिन्यात कोणते झाड हवेत पराग सोडते हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना कळते. हैदराबाद, पुणे, नागपूरसारख्या शहरांना तसे कॅलेंडर हवे, आणि झाडांची निवड करणाऱ्या उद्यान विभागाच्या टेबलावरही ते हवे.

तोवर रुग्णाने स्वतःची वही ठेवावी. तारीख, त्रास सुरू झाल्याची वेळ, घरात की बाहेर, कूलर चालू होता का, खोली झाडली होती का, कोणते औषध किती वाजता घेतले, आणि रात्री छातीत घरघर किंवा खोकला आला का. छातीची लक्षणे असतील तर दम्याची तपासणी आधी. पुढच्या भेटीत ही वही डॉक्टरांसमोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत: माझी ॲलर्जी नेमकी कशाची आहे, मी फवारा बरोबर मारतो का, आणि लसीचा उपचार मला चालेल का.